बाहेर जातानाची सही

१२ ऑक्टोबर, शनिवार. सकाळचे सव्वाअकरा

पोचलो एकदाचे! दोन तास मी लंबूच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपले होते म्हणे, आणि तिने त्याचा फोटोही काढून ठेवलाय. लंबू म्हणजे होस्टेलमधली माझी खोलीतली जोडीदारीण. सहा फूट उंच, आणि जीभ त्याहून लांब. परदेशात शिकायला येऊन सहा आठवडे झाले, आज पहिल्यांदा शहराबाहेर पडलेय. होस्टेलने एका दिवसाची सहल काढली: जुनं विद्यापीठ असलेलं गाव बघायचं, चारला परत निघायचं.

गाव म्हणजे नुसतं दगड, घंटा आणि सायकली. सगळं कसं घासूनपुसून ठेवलेलं. पेठेत पुस्तकांची तीन दुकानं, एक चष्म्याचं, एक टोप्यांचं. आईला तिथूनच फोन केला आणि जाहीर करून टाकलं की मार्चमध्ये तू आलीस की तुला इथे आणणार, ठरलं. आई म्हणाली, आधी तू नीट परत जा, मग मला आण.

ही रोजनिशी तिचीच भेट. दर तासाला फोन करून माझं डोकं खाऊ नकोस, जे सुचेल ते हिच्यात लिही, असं म्हणून हातात कोंबली होती. हळदी रंगाचा मफलरही तिनेच विणलाय. त्याच्या गोंड्यांची मी प्रवासातच वाट लावली. गाठ मारायची, सोडायची, परत मारायची. हाताला चाळाच आहे तो. आई म्हणते, हिच्या हाती कापड द्या, आठवड्यात दोरखंड होतो.

आता मुख्य महाविद्यालयाच्या आत, अंगणातल्या बाकावर बसलेय. आत यायची पद्धत मोठी मजेशीर आहे. कमानीखाली टेबल, टेबलावर हे एवढं मोठं रजिस्टर, आणि मागे दारवाले काका, हातात पितळी पट्टी. आत येताना डाव्या रकान्यात सही करायची, जाताना उजव्या रकान्यात. मग काका दोन्हींना पट्टी लावून बघतात. जुळली तर वाट मोकळी. ओळखपत्र नाही, काही नाही. मी विचारलं, चेहरा बघत नाही का? म्हणाले, चेहरे बदलतात, आम्ही सही बघतो. चार वाजता रजिस्टर बंद, हे मात्र दोनदा बजावलं.

सगळ्यांनी फराटे ओढले. मी मात्र आपल्या अक्षरांत झोकात सही केली, वर रेघ आणि खाली दोन टिंबं. काकांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, अशी सही इथे याआधी आलेली नाही. मी अशी फुगले म्हणून सांगू!

तसा सह्यांच्या बाबतीत माझा हात जुनाच चालता. सातवीत गणितात अकरा मार्क पडले तेव्हा प्रगतिपुस्तकावर आईची सही मीच ठोकली होती. पुढे दहावीपर्यंत ठोकत राहिले. आईला आजतागायत पत्ता नाही.

त्याच दिवशी. दुपारचा दीड

वाचनालय बघून तोंड उघडंच राहिलं. लाकडी जिने, छतापर्यंत पुस्तकं, आणि लांबच लांब टेबलांवर काळे झगे घातलेले विद्यार्थी मान खाली घालून लिहिताहेत. पन्नाससाठ तरी असतील. हूं की चूं नाही. लंबू पाच मिनिटांत कंटाळून कॉफी प्यायला गेली.

मी एका रिकाम्या खुर्चीत टेकले तर शेजारची झगेवाली मुलगी कुजबुजली, दारातली ती सुंदर सही तुझी का? मला दाखवशील? आता असं कुणी म्हटल्यावर मी थांबते होय! कागदावर चारदा काढून दाखवली. तिला जमेना. मग तिचा हात हातात घेतला आणि पाटीवर गिरवून घेतात तसं गिरवून घेतलं. हात बर्फासारखा गार होता बिचारीचा. सहाव्या खेपेला अशी काही काढली की मलाच फरक कळेना. मी तिला शाबासकी दिली. तिने विचारलं, घरी कोण कोण असतं, आईला काय म्हणतेस, आई तुला काय म्हणते. मी सगळं सांगितलं. ठकू म्हणते, हेसुद्धा. बोलायला कुणी भेटलं की मला काही राहवत नाही.

गंमत म्हणजे आत्ता तिचा चेहरा आठवायला गेले तर आठवतच नाही. नाक कसं होतं, डोळे कसे, काही नाही.

मफलर खुर्चीवरच राहिला वाटतं. आणते.

त्याच दिवशी. पावणेपाच

अक्षर लागणार नाही. पण लिहिते, नाहीतर वेड लागेल.

मफलर खुर्चीवर नव्हता. मुलगीही नव्हती. शोधण्यात वेळ गेला. पावणेचारला धावत कमानीपाशी आले, रजिस्टरमध्ये माझी ओळ काढली, तर उजव्या रकान्यात सही झालेली. माझी. वर रेघ, खाली दोन टिंबं. वेळ तीन वाजून दहा मिनिटं.

काकांना म्हटलं, अहो, ही मी नाही केली. ते शांतपणे म्हणाले, सही जुळली आहे, त्या बाई बाहेर गेल्या. मग मी कोण? म्हणाले, ज्या पाहुण्याची सही झाली तो बाहेर गेला, मागे जे उरतं ते इथलंच. आणि टेबलाखालून घडी केलेला काळा झगा काढून माझ्यासमोर ठेवला.

मी तो फेकला आणि सरळ कमानीतून पळाले. पळाले ती थेट अंगणात. त्याच बाकापाशी. परत पळाले, परत अंगण. तिसऱ्यांदा एका कुटुंबाच्या मागून त्यांच्या लहान मुलीच्या पिशवीला धरून निघाले. मुलगी बाहेर गेली, माझी मूठ रिकामी, आणि मी अंगणात!

कमानीतून रस्ता स्पष्ट दिसतो. बस उभी होती. ड्रायव्हर डोकी मोजत होता. बरोबर भरली असावीत, कारण त्याने दार लावलं. खिडकीत लंबू खदखदून हसत होती, आणि तिच्या शेजारी हळदी मफलर घातलेली कुणीतरी. ती माझ्याकडे बघत होती. मी घसा फुटेस्तोवर ओरडले. लंबूने मान वळवली, माझ्या आरपार बघितलं आणि पुन्हा बोलायला लागली.

१३ ऑक्टोबर, रविवार. सकाळ

रात्रभर वाचनालयाच्या जिन्यावर बसून होते. झगेवाल्यांपैकी एकानेही विचारपूस केली नाही. मी रडत होते तर एकाने येऊन फक्त श्शू केलं.

सकाळी आईला फोन लागला. काय आनंद झाला म्हणून सांगू! आई मला ने, मी अडकलेय, असं सगळं एका दमात सांगितलं. आई म्हणाली, पोरी, थट्टा पुरे कर, फोन हरवला म्हणून आत्ताच लंबूच्या फोनवरून अर्धा तास व्हिडिओवर बोललीस ना. मी म्हटलं, ती मी नाही. गोंड्यांचं सांगितलं, लहानपणी घरच्या अंगणातल्या पाळण्यावरून पडले होते तेही सांगितलं. आईचा आवाज कापायला लागला. तिने दुसऱ्या फोनवरून तिला लावलं, आणि दोन्ही फोन जवळ धरले.

माझाच आवाज. माझंच लाडात बोलणं. म्हणाली, आई, हल्ली आवाजाची नक्कल करून फसवतात गं, असले फोन उचलू नकोस, नंबर बंद करून टाक.

आईने मला एवढंच विचारलं की माझ्या लेकीचा आवाज चोरताना तुला लाज नाही वाटली का. मग फोन बंद. परत लागला नाही.

मेली! माझ्याकडून गिरवून घेतलं, माझा हात धरून!

१५ ऑक्टोबर, मंगळवार

फोनची बॅटरी संपली. चार्जर खोलीवर, म्हणजे तिच्याकडे.

झगा घातला. थंडीने कुडकुडत होते, काय करणार.

इथलं कामकाज कळायला लागलंय. लांबच्या टेबलांवर जे मान मोडून लिहितात ते अभ्यास नाही करत. सह्या गिरवतात. रोज पाहुणे येतात, रजिस्टरमध्ये सही करतात, आणि झगेवाले एकमेकांना कोपरं मारत जाऊन बघून येतात. चारच्या आत एखादी जमली तर त्या नावाने बाहेर. ज्याची सही गेली तो आत. जो ज्या नावाने बाहेर पडेल तो बाहेर तोच होतो, तेच घर, तीच माणसं.

हे मला सांगितलं खिडकीजवळच्या म्हातारीने. बाकी कुणी बोलत नाही. माझी पेन्सिल दोनदा चोरली. जिन्यात मुद्दाम पाय आडवा घातला, कपाळाला टेंगूळ आलंय. नवीन आलेली म्हणजे आणखी एक वाटेकरी, असा सगळा हिशेब.

मी म्हातारीला म्हटलं, मी असलं काही करणार नाही, मला माझी सही परत हवीय. ती हसली. दात नव्हते.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आज एकाचं जमलं. मी अंगणातच होते. दाढीवाला झगेवाला कमानीकडे गेला, सही केली, काकांनी पट्टी लावली, आणि तो चालत रस्त्यावर गेला. साधा. जसा कुणी दुकानात जातो.

दहा मिनिटांनी एक मास्तर आले, शाळेची सहल घेऊन आलेले. त्यांनी टेबलावर मुठी आपटल्या. मुलांची नावं घेऊन हाका मारल्या. मुलं बाहेर रांगेत उभी होती, दाढीवाल्याच्या मागे, एकालाही ऐकू गेलं नाही. काकांनी झगा पुढे केला.

आणि मी काय केलं असेल? त्यांना पाणी नेऊन दिलं नाही, धीर दिला नाही. त्यांची पेन्सिल उचलून घेतली. देवा, दोनच आठवडे झालेत.

११ जानेवारी, शनिवार

मीसुद्धा प्रयत्न केला. लिहायला लाज वाटते, पण केला. लांब केसांची एक मुलगी, एकटीच आली होती. सही सोपी. दोन वळणं आणि एक शेपूट. दोन तास गिरवली. काकांनी पट्टी लावली आणि मान हलवली. शेपूट ताठ आलं, म्हणाले. पुन्हा या.

ती मुलगी माझ्या मागेच उभी होती. मला म्हणाली, तुमचं झालं का? मला घाई आहे.

म्हातारी म्हणते, परक्याची सही बघून येत नाही. एक तर कुणीतरी हात धरून गिरवून घ्यायला हवी, नाहीतर वर्षानुवर्षं हातात मुरलेली हवी.

आता पाहुण्यांना हात धरा म्हटलं की ते घाबरून पळतात. माझ्याइतकी भोळी परत आली नाही कुणी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

भिंतीवरचा आरसा बघणं सोडलं. आत चेहरा आहे, पण आरशापासून वळलं की आठवत नाही—

आई मार्चमध्ये येणार होती. तिकीट काढलेलं होतं. ती आली तर ओळखेल. आईने ओळखलं की सगळं सुटेल. काकांना सांगेल, ही माझी मुलगी. एवढ्यावरच तग धरून आहे.

रोजनिशी झग्याच्या आत बांधून ठेवते. ही एकच वस्तू माझी.

८ मार्च, शनिवार. सकाळचे साडेअकरा

आली!

कमानीबाहेर दोघी. आईने तपकिरी शाल घेतलीय, केस किती पांढरे झालेत. तिच्या हातात हात घालून ती. माझ्या मफलरमध्ये.

ती आत येत नाहीये. बघितलंय मी सगळं, तू ये बघून, मी उन्हात बसते, असं काहीतरी म्हणत असणार. आई हट्टाला पेटली असेल, हेच गाव बघायचं म्हणून, आणि तिला नाही म्हणता आलं नसेल.

आई सही करतेय. एकटी आत येतेय.

दुपारचे अडीच

सावकाश लिहायला हवं. जमत नाहीये.

वाट बघून शेवटी अंगणातल्या बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनेच आधी बोलायला सुरुवात केली. आपलीच भाषा येते म्हटल्यावर किती खूश झाली! थंडी वाजतेय का गं, ओठ बघ कसे निळे पडलेत, म्हणाली. स्वतःची शाल काढली आणि माझ्या खांद्यांवर घातली. घरच्या कपाटाचा वास—

मी म्हटलं, आई. ती हसली. म्हणाली, माझ्या लेकीच्या मैत्रिणी मला आईच म्हणतात.

माझ्या तोंडाकडे बघत होती. अगदी जवळून. काहीच नाही. जसं मी त्या दिवशी तिच्या तोंडाकडे बघितलं होतं, त्या गारेगार हाताच्या मुलीकडे.

मग लेकीबद्दल बोलत बसली. म्हणाली, दारातलं ते सह्यांचं बघून आठवण झाली. सातवीपासून कार्टी प्रगतिपुस्तकावर माझी सही करायची. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बोलले नाही. एवढी मन लावून करायची, आणि इतकी घाबरलेली असायची, म्हटलं राहू दे. चुकली तर येईल माझ्याकडे.

मला राहवलं नाही. सांगितलं. आई, मी ठकू. ऑक्टोबरमध्ये तो फोन मीच केला होता. बाहेर बसलीय ती मी नाही—

तिचा चेहरा असा झाला! ताडकन उठली. म्हणाली, म्हणजे तूच ती! इथपर्यंत माग काढत आलीस? माझ्या लेकीच्या वाऱ्याला उभी राहू नकोस. मी हात धरला तर झटकला. शाल तशीच टाकून वाचनालयाकडे गेली.

माझ्या आईने. मला झटकलं. आणि बाहेर त्या चोरटीसाठी जीव टाकतेय.

पावणेचार

आई अजून आत आहे. घाबरलीय बहुतेक, मी दारात असेन म्हणून वर थांबलीय.

मी दारातच आहे. टेबलापाशी. शाल आहे अंगावर. शालीच्या गोंड्याला गाठ मारतेय, सोडतेय.

आईची सही डाव्या रकान्यात आहे. उजवा रिकामा.

सातवी, आठवी, नववी, दहावी. डोळे मिटून येते मला. पहिलं अक्षर उजवीकडे झुकतं, शेवटाला खाली ओढलेली रेघ.

बाहेर पडेन ती आई म्हणून पडेन. ती उठेल, माझा हात धरेल, मला आई म्हणेल. म्हणू दे. घरी तर जाईन. आणि आई इथे झग्यात—

झटकलं तिने मला. मीच हाक मारली होती ना? सांगितलं होतं ना?

केली.

केली सही. काका पट्टी लावताहेत. सावकाश, नेहमीसारखं. झुकाव बघतात. आता रेघ बघतात. बाहेर ती उठून उभी राहिलीय. मफलर सारखा करतेय. हसतेय—

अंगणातून कुणीतरी धावत येतंय.

आई. चपला हातात घेऊन. ओरडतेय— ठकू! ठकू, गाठी कोण मारतंय शालीला, ठकू, माझ्या पोरी, थांब— बाहेरच्या तिला नाही. मला! मला म्हणतेय! गोंड्यावरून— ओळखलं, आईने ओळखलं मला—

काका मान डोलावताहेत.

नको. काका, थांबा, ती सही माझी नाही, खोटी आहे ती, लहानपणापासून खोटीच करते मी, पुसा ती, माझे पाय का चालताहेत, आई, हात दे, आई हात—